व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि वॅट कसे काढायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. संध्याकाळी आयटीआयची चार-पाच पोरं गणितं सोडवायला येऊन बसतात, आणि दिवसभर रावेर-यावलचे केळीवाले, साक्री-शहाद्याचे कांदा-पपईवाले मोबाइलवर मीटरचे फोटो पाठवतात. दोघांचे प्रश्न शेवटी एकाच जागी येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एक गोष्ट परत परत येईल: सूत्र क्वचितच चुकतं, त्यात घातलेला आकडा कुठला आणि केव्हाचा आहे तिथेच गडबड होते.

१. माझ्याकडे फक्त व्होल्टेज आणि करंट आहे. यावरून रेझिस्टन्स आणि वॅट निघतील का?

निघतील. भागाकार केला की रेझिस्टन्स, गुणाकार केला की वॅट.

व्होल्टेज ÷ अँपिअर = ओहम
व्होल्टेज × अँपिअर = वॅट

बादलीत टाकायचा वॉटर हीटरचा रॉड घ्या. प्लगवर २३० व्होल्ट आणि क्लॅम्प मीटरवर (वायर न तोडता, तिला चिमट्यात पकडून करंट मोजणारा मीटर) ६.५ अँपिअर दिसले. २३० ÷ ६.५ म्हणजे साधारण ३५.४ ओहम, आणि २३० × ६.५ म्हणजे १४९५ वॅट. रॉडवर १५०० छापलेलं असतं, म्हणजे हिशेब जुळला. रॉड, इस्त्री, कॉइलची शेगडी, गिझर यांना हे दोन्ही हिशेब जसेच्या तसे चालतात. मोटर, कूलर, फ्रीज यांना चालत नाहीत. त्यांच्यासाठी प्रश्न ७ ते ९ पाहा.

२. पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध लिहिलंय. ते वेगळं आहे का?

काही वेगळं नाही. विभवांतर म्हणजे आपलं व्होल्टेज, विद्युतधारा म्हणजे करंट, रोध म्हणजे रेझिस्टन्स. जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली हा नियम छापला आणि मोजण्याच्या एककाला पुढे त्याचंच नाव मिळालं. परीक्षेत पुस्तकातले शब्द लिहा. दुकानात येऊन ‘विभवांतर कमी आहे’ म्हणालात तर मीही दोन सेकंद विचारात पडेन.

३. माझं उत्तर हजारपटीने चुकतं. का?

मिलीअँपिअर. मीटरवर १५ दिसतं, बाजूला बारीक अक्षरात मिलीअँपिअर असतं, ते नजरेतून सुटतं. १५ मिलीअँपिअर म्हणजे ०.०१५ अँपिअर. १२ ला १५ ने भागलं तर ०.८ येतं, ०.०१५ ने भागलं तर ८००. उत्तर हजारपट चुकलं की दुसरं काही शोधत बसू नका.

४. फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर एलईडी लावायचा आहे. रेझिस्टन्स काढताना १२ व्होल्टच धरायचे ना?

नाही. ज्या वस्तूचा रेझिस्टन्स काढायचा तिच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज धरायचं, बॅटरीचं नाही. लाल एलईडी स्वतः साधारण २ व्होल्ट खातो, मग रेझिस्टरच्या वाट्याला १० उरतात. करंट १५ मिलीअँपिअर ठेवायचा तर १० ÷ ०.०१५ = ६६७ ओहम. बाजारात त्याच्या जवळचा ६८० चा मिळतो. तो किती तापेल? १० × ०.०१५ = ०.१५ वॅट, म्हणून पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो.

एलईडीचा स्वतःचा ‘रेझिस्टन्स’ भागाकाराने काढू नका. करंट बदलला की तो आकडाही बदलतो. ओहमचा नियम एलईडी पाळत नाही.

५. वॅट काढायची तीन सूत्रं दिसतात. कुठलं कधी वापरायचं?

तिन्ही एकाच सूत्राची रूपं आहेत.

व्होल्टेज × करंट: दोन्ही मोजलेले असतील तर हेच.
करंट × करंट × रेझिस्टन्स: वायर किती तापते ते पाहायचं असेल तेव्हा.
व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स: व्होल्टेज वरखाली होत असेल तेव्हा.

तिसऱ्याचं काम गावात रोज पडतं. संध्याकाळी लाइट डिम होते, व्होल्टेज १८० वर येतं. १५०० वॅटचा रॉड तेव्हा किती वॅट देईल? पोरं लगेच १५०० ला १८० ने भागतात आणि करंट ८.३ अँपिअर झाला म्हणतात. उलटं आहे. रॉडची तार तीच, तिचे ओहम तेच, साधारण ३५.३. करंट होईल १८० ÷ ३५.३, म्हणजे ५.१ अँपिअर, आणि वॅट १८० × १८० ÷ ३५.३, म्हणजे ९१८. व्होल्टेज बावीस टक्के घटलं तर वॅट जवळजवळ चाळीस टक्के घटले. डिम लाइटीत अंघोळीचं पाणी तापतच नाही, ते यामुळे.

६. मल्टिमीटरने १०० वॅटच्या बल्बचे ४० ओहम दाखवले, हिशेबाने ५२९ येतात. मीटर खराब आहे का?

मीटर चांगला आहे. १०० ÷ २३० = ०.४३५ अँपिअर, आणि २३० ÷ ०.४३५ = ५२९ ओहम, हे पेटलेल्या बल्बचं गणित आहे. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रेझिस्टन्स बारा-पंधरापट वाढतो. मीटरने तुम्ही मोजली ती गार तार. बटण दाबल्याच्या क्षणी २३० ÷ ४० म्हणजे पावणेसहा अँपिअरचा झटका बसतो. जुने बल्ब नेमके बटण दाबताना उडायचे ते म्हणूनच. घराघरांतून हा बल्ब आता गेला, पण सिरीज टेस्ट लॅम्पसाठी माझ्या दुकानात अजून दोन जपून ठेवलेत.

रॉड किंवा गिझरच्या कॉइलमध्ये नायक्रोम असतं. त्याचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर फारच थोडा बदलतो, त्यामुळे गार मोजला तरी हिशेब चालतो.

७. कूलरचा करंट १ अँपिअर आला. २३० × १ = २३० वॅट. पण मोजणीच्या मीटरवर १८० दिसतात. उरलेले ५० वॅट कुठे गेले?

कुठेही गेले नाहीत, ते वॅट नव्हतेच. ज्यात कॉइल आणि लोखंडी कोअर आहे अशा यंत्रात करंट व्होल्टेजच्या जरा मागे राहतो. त्यामुळे गुणाकार येतो तो व्होल्ट-अँपिअर. खरे वॅट काढायला त्याला पॉवर फॅक्टरने गुणायचं. इथे १८० ÷ २३० म्हणजे पॉवर फॅक्टर ०.७८. घरगुती बिल वॅटवर येतं, वायरीला मात्र पूर्ण १ अँपिअर वाहून न्यावा लागतो. म्हणून वायर निवडताना अँपिअर पाहा, युनिट काढताना वॅट.

युनिटचा हिशेब एका ओळीचा आहे: वॅट × तास ÷ १०००. १८० वॅटचा कूलर आपल्याकडच्या मे महिन्यात रोज १५ तास चालला तर दिवसाला २.७ युनिट.

८. पाच एचपीची थ्री फेज मोटर ८ अँपिअर घेते. वॅट किती? पाटीवर तर ३.७ किलोवॅट लिहिलंय.

थ्री फेजला गुणाकारात १.७३२ येतो:

१.७३२ × ४१५ × ८ × ०.८ (पॉवर फॅक्टर) = साधारण ४६०० वॅट

एक एचपी ७४६ वॅट, पाच एचपी ३७३० वॅट. पण पाटीवरचे हे ३.७ किलोवॅट शाफ्टवर मिळतात, लाइनीतून ओढले जात नाहीत. ओढले ४६००, शाफ्टला पोचले ३७३०, बाकीचं मोटरीच्या अंगात उष्णता म्हणून जिरलं. बोटांवरचा हिशेब हवा असेल तर थ्री फेजला एचपीमागे दीड अँपिअर धरतात. पाच एचपीला साडेसात. आठ-सव्वाआठला घाबरू नका. साडेनऊ दिसले तर मोटर बंद करा आणि पुढचा प्रश्न वाचा.

९. भाऊ, व्होल्टेज कमी व्हयनं ते करंट बी कमी व्हवाले पाह्यजे ना? मंग मोटर जास्ती करंट कसाले लेस?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि शंका अगदी रास्त आहे. प्रश्न ५ मधल्या रॉडचा करंट व्होल्टेजबरोबर कमी झाला. मोटर तसं करत नाही, कारण मोटर म्हणजे नुसती तार नव्हे. विहिरीतून वर चढवायचं पाणी तेवढंच असतं, पाइप तेवढाच उंच असतो. त्या कामाला लागणारे वॅट मोटर कुठून तरी आणणारच. व्होल्टेज कमी मिळालं की करंट वाढवून भरपाई करते. ४१५ चे ३४० झाले तर ८ अँपिअरचे साधारण पावणेदहा होतात.

करंट बावीस टक्के वाढला एवढ्याने काय बिघडलं, असं वाटतं. पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: १.२२ × १.२२ म्हणजे जवळजवळ दीडपट. बाहेर पंचेचाळीस अंश, आत दीडपट उष्णता. अशी मोटर टेबलावर उघडली की व्हार्निशचा करपट वास आधी येतो आणि तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडलेल्या दिसतात. एखाद-दुसरा फेजच काळा असेल आणि बाकीची तार लखलखीत असेल, तर गोष्ट वेगळी: लाइनीतला एक फेज गेला होता. शेतकरी मला ‘लाइट बरोबर होती’ सांगतो, कॉइल खरं सांगते.

मोटर अडकली, फिरूच शकली नाही, तर मात्र ती बरीचशी नुसत्या कॉइलसारखी वागते आणि करंट पाच-सातपट होतो. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, बायपास करू नका म्हणतो ते याचसाठी.

१०. मोटरीच्या वाइंडिंगचे ३ ओहम दाखवतात. २३० ÷ ३ म्हणजे ७७ अँपिअर, पण मोटर ७ च घेते. हे कसं?

मीटर डीसीवर मोजतो, तेव्हा फक्त तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स दिसतो. एसीवर कॉइलचं चुंबकत्वही करंट अडवतं आणि फिरती मोटर आतून उलटं व्होल्टेज उभं करते. २३० ÷ ७ = ३३ ओहम येतात त्याला इम्पीडन्स म्हणतात; रेझिस्टन्स तो नव्हे. चालू मोटरीचं व्होल्टेज भागिले करंट करून ‘वाइंडिंगचा रेझिस्टन्स काढला’ असं परीक्षेत लिहिलंत तर मार्क जातील, आणि जायलाच हवेत.

मग ते ३ ओहम कशाला मोजायचे? तुलनेसाठी. थ्री फेजच्या तीन टोकांत दोन-दोन करून मोजा. ४.१, ४.१, ४.१ आले तर ठीक. एखाद्या जोडीत ३.२ आले तर तिथे वेटोळी आपसांत चिकटली आहेत. इतका लहान आकडा मोजण्याआधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवा; ०.३-०.४ ओहम दिसतील, ते मीटरच्या वायरींचे. उत्तरातून वजा करा.

११. मोटर बंद असताना स्टार्टरवर ४१० व्होल्ट, चालू केली की ३७०. वायरमन म्हणतो लाइट बरोबर आहे. खोटं कोण?

दोघंही खरे. करंट नसेल तेव्हा वायरीत व्होल्टेज पडतच नाही, कारण शून्य गुणिले काहीही शून्यच. करंट सुरू झाला की डीपीपासून विहिरीपर्यंतची प्रत्येक मीटर वायर आपला वाटा कापते. मोटर बंद ठेवून घेतलेलं व्होल्टेज या कामात काहीच सांगत नाही.

हिशेब असा. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१७२ ओहम असतो. ४ चौरस मिलिमीटर, ३०० मीटर: ०.०१७२ × ३०० ÷ ४ = १.२९ ओहम एका तारेचे. ८ अँपिअरला थ्री फेजमध्ये पडणारं व्होल्टेज १.७३२ × ८ × १.२९ × ०.८ (पॉवर फॅक्टर) = १४ व्होल्ट. वायरीत वाया जाणारे वॅट ३ × ८ × ८ × १.२९ = २४८. हीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर २३ व्होल्ट आणि जवळजवळ ४०० वॅट. ॲल्युमिनियमला ०.०१७२ च्या जागी ०.०२८ धरा. सिंगल फेजला जाणारी आणि येणारी, दोन्ही तारांची लांबी मोजायची. निम्मे लोक इथे चुकतात.

तुमचे ४० व्होल्ट एवढ्या वायरीत पडत नसतील तर जोड तपासा. मोटर काही वेळ चालवा, मेन बंद करा, लाइन मेल्याची टेस्टरने खात्री करा आणि मगच जोडांजवळ हात न्या. गरम लागेल तिथे तुमचे व्होल्ट जळतात.

१२. उन्हाळ्यात हे आकडे बदलतात का?

बदलतात. वरचा ०.०१७२ हा २० अंशांचा आकडा आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत दहा टक्के, आणि उन्हात पडलेली काळी केबल सत्तरला गेली तर वीस टक्के. बांधावरून उघडी केबल नेण्यापेक्षा चर खणून पुरलेली परवडते.

१३. क्लॅम्प मीटर शून्य दाखवतो, मोटर तर चालू आहे.

तुम्ही सगळ्या वायरी एकत्र पकडल्यात. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. एकेक वायर सुटी करून पकडा. सगळ्या एकत्र पकडूनही शून्याऐवजी काही दिसलं, तर तेवढा करंट जमिनीत गळतोय. ही मोजणी मुद्दाम करण्यासारखी आहे.

१४. चालू लाइनीवर मल्टिमीटरने ओहम मोजले तर?

मोजू नका. ओहम मोजताना मीटर स्वतःच्या सेलचा करंट सोडतो, बाहेरचं व्होल्टेज आलं की आकडा खोटा आणि मीटरही जाऊ शकतो. लाइट बंद करून, वस्तूचं एक टोक सुटं करून मोजा; नाहीतर शेजारच्या वाटेने करंट फिरतो आणि ओहम कमी दिसतात.

याहून वाईट चूक मी स्वतः केली आहे. करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहिली आणि तशीच प्लगमध्ये खुपसली. त्या भोकातून मीटरचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो. २३० ला जवळजवळ शून्याने भागा. निळा भपका उडाला, पिनेचं टोक वितळून गोळी झाली. ती पिन खिळ्याला टांगलेली आहे. नवीन पोरगा आला की आधी तीच दाखवतो.

१५. मोटरीच्या बॉडीला शॉक बसतो, पण एमसीबी पडत नाही. अर्थिंग तर केलंय.

अर्थिंगचा रेझिस्टन्स किती, ते विचारा. मुरमाड, कोरड्या जागेत ४० ओहम असला तर फेज बॉडीला लागल्यावर करंट २३० ÷ ४० = ५.७५ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा रोजचाच लोड वाटतो, तो पडणार नाही. बॉडी मात्र जिवंत राहते. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० ÷ १००० म्हणजे २३० मिलीअँपिअर. माणूस मरायला एवढा पुष्कळ झाला.

म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावा. घरी तर हवाच. तो जाणारा-येणारा करंट ताडून बघतो, प्रश्न १३ मध्ये क्लॅम्पने केलं तेच. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. बॉडीला बल्ब लावून अर्थिंग तपासायचा प्रकार सोडा, तेवढा वेळ तुम्ही अर्थिंगच्या पाइपला जिवंत फेज देत असता.

१६. सोलर पंपाच्या पॅनलवर ४९.५ व्होल्ट आणि १३.८ अँपिअर लिहिलंय. गुणाकार ६८३ येतो, पॅनल ५४० चं कसं?

ते दोन आकडे एकाच वेळचे नाहीत. ४९.५ व्होल्ट काहीच जोडलेलं नसताना, म्हणजे करंट शून्य असताना. १३.८ अँपिअर दोन टोकं शॉर्ट असताना, म्हणजे व्होल्टेज शून्य असताना. खरं तर दोन्ही वेळी वॅट शून्य! पाटीवर खाली दुसरी जोडी असते, ४१.६ व्होल्ट आणि १३ अँपिअर यांसारखी. तिचा गुणाकार ५४० येतो.

तेही पॅनल २५ अंशांवर असताना. आपल्याकडे मे महिन्यात पॅनल पासष्ट अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला ०.३५ टक्क्याच्या आसपास वॅट घटतात. चाळीस अंशांचे चौदा टक्के गेले, ५४० चे उरले ४६५. ‘ऊन एवढं कडक, तरी पाणी कमी का’ याचं उत्तर यात आहे.

१७. दीपनगरहून (भुसावळजवळचं औष्णिक वीज केंद्र) निघणाऱ्या तारांत एवढं व्होल्टेज कशाला ठेवतात?

करंट कमी व्हावा म्हणून. ५०० मेगावॅटच्या एका संचाएवढी वीज ४०० केव्हीवर पाठवली तर करंट साधारण ७२० अँपिअर. तीच ३३ केव्हीवर पाठवली तर पावणेनऊ हजार. वाया जाणारे वॅट करंटच्या वर्गाने वाढतात (प्रश्न ९), तेव्हा त्याच तारेत नुकसान सुमारे १४७ पट. तार वितळूनच जाईल.

१८. आकडे पाठवले तर बघून सांगाल का?

सांगेन, पण नुसतं ‘मोटर गरम होते’ नको. मोटर अर्धा तास चालल्यावर स्टार्टरच्या मोटरीकडच्या टोकांवर तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज आणि लगेच तिन्ही फेजचे अँपिअर, वेगवेगळे. सकाळचं व्होल्टेज आणि संध्याकाळचा करंट एकत्र करून पाठवू नका. डीपीपासूनचं अंतर पावलांनी मोजलंत तरी चालेल. आणि पाटीचा फोटो, आधी ग्रीस पुसून.